गाडीचे पाय

या प्रकरणात एका माणसाचं नाव खराब झालं आणि त्याचा लेथ बंद पडला. तो माणूस मी नाही. मी फक्त गाडीचा मालक आणि बातमीचा लेखक. हे आधीच सांगून टाकतो, कारण सत्तावीस वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहीत आलो आहे, आणि एवढी एक चांगली सवय अजून शिल्लक आहे.

सुरुवात माझ्या उजव्या पायापासून झाली. माथेरानचा घाट उतरून नेरळमध्ये शिरताना ब्रेक दाबला की पाय थरथरायचा. विनिता, माझी पत्नी, म्हणाली, "अहो, साखर तपासून घ्या." तपासली. साखर उत्तम निघाली. मग एक दिवस स्टिअरिंगही थरथरू लागलं, तेव्हा संशय माझ्यावरून गाडीवर गेला.

घाटात मी दर सोमवारी जातो. मुलगी हर्षला माथेरानच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. शनिवार-रविवार तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तिची सुट्टी मंगळवारी. सोमवारी दुपारी चारला मी दस्तुरीच्या वाहनतळावर हजर असतो, कारण गाड्यांना तिथून पुढे प्रवेश नाही. शेअर टॅक्सी भरपूर आहेत, पण वार्ताहराची मुलगी पाच अनोळखी माणसांच्या कोपरांमध्ये बसून घरी येणार नाही, असं मी ठरवलेलं आहे. मुलीला विचारून ठरवलेलं नाही. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, अशी पाटी आहे. मी दुसऱ्यात ठेवतो आणि ब्रेकवर भागवतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन इतकं ओरडतं की टॅक्सीवाले वळून बघतात.

घाट संपला की पहिलंच वळण आमच्या सोसायटीचं. फाटकात गोदाआत्या उभी असते. ही माझी सख्खी आत्या. तीन वर्षांपूर्वी कशेळ्याकडच्या गावातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावर तिला आमच्या घरात इतक्या चुका दिसल्या, की तिने राहायचं ठरवलं. घाटातून आलेल्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असा तिचा नियम. आधी तांब्याभर पाणी हर्षलाच्या पायावर. मग बादली घेऊन ती चारही चाकांवर पाणी मारते.

"अगं आत्या, गाडीला कशाला?"

"का रं? चालून कोन आलं? तू बसून आलास. पाय तिचं दुखत्यात."

चाकावर पाणी पडलं की चर्रर्र आवाज व्हायचा आणि थोडी वाफ निघायची. मला तो आवाज आवडायचा. या प्रथेवर मी रविवारच्या पुरवणीत साडेतीनशे शब्द लिहिले. सोबत फोटो: आत्या बादलीसह, मागे मी, हाताची घडी घालून. बरीच पत्रं आली. दोन तरी नक्की आली.

असो. नेरळच्या प्रवीणने, म्हणजे आमच्या गॅरेजवाल्याने, पुढची चाकं काढली आणि आतली लोखंडी तबकडी दाखवली. हिलाच डिस्क म्हणतात. तिला दोन बाजूंनी पॅड चिमटा काढतात आणि गाडी थांबते.

"डिस्क बेंड झालीय, साहेब. बोट फिरवून बघा, लहर लागेल."

मी बोट फिरवलं. लहर लागली नाही. "हो, लागली," मी म्हणालो.

"आता दोन रस्ते. नवीन टाका, नाहीतर लेथवर कट मारून, म्हणजे वरचा पातळ थर तासून, सपाट करून घ्या. साजगावला कोंडाजी आहेत, डिस्कचं काम तिकडे ते एकटेच करतात, त्यांच्यासारखा हात नाही कुणाचा. पण माझं विचाराल तर नवीनच टाका."

मी त्याचं विचारलं नव्हतं. गॅरेजवाला नवीन माल टाका म्हणतो, तेव्हा त्यामागे काय असतं, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. मी विचारलं सोसायटीला. आमचे सेक्रेटरी कमलेश रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. खातं तिकिटांचं होतं, पण चाकांविषयी अधिकाराने बोलतात.

"डिस्क बदलायची? अहो, रेल्वे डब्याचं चाक किती वेळा लेथवर लावते, माहिती आहे? आणि तुम्ही एवढीशी डिस्क फेकायला निघालात!"

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मतदान घेतलं. कट मारावा: अकरा. नवीन टाकावी: चार. गाडी विकावी: दोन. शिवाय एका सभासदाने पाण्याच्या टाकीबद्दलची जुनी तक्रार पुन्हा टाकली आणि एकाने गुलाबाचं फूल. लोकशाहीचा कौल मान्य करून मी दोन डिस्का साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातल्या आणि निघालो. गाडी प्रवीणकडे ठोकळ्यांवर उभी होती. नेरळहून कर्जत रिक्षाने, कर्जतहून खोपोली एसटीने. पिशवीचा बंद पळसदरीला तुटला आणि एक डिस्क गडगडत थेट कंडक्टरच्या पायापर्यंत गेली.

"काय आहे हे?"

"ब्रेक."

"आपल्या गाडीचा?" कंडक्टरचा चेहरा उतरला. पुढच्या दोन सीटवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. माझ्या गाडीचा आहे, हे मी तीन वेळा सांगितलं. तरी खोपोली येईपर्यंत ड्रायव्हर प्रत्येक उतारावर आरशातून माझ्याकडे बघत होता.

कोंडाजींचं दुकान खोपोलीजवळ साजगावला, कारखान्यांच्या रस्त्यावर, पत्र्याचं. आत एकच लेथ, पण इतका स्वच्छ की आमच्या घरचा देव्हारा लाजेल. कोंडाजी साठीचे, बारीक अंगाचे. जवळच्या एका कारखान्याचं दर महिन्याचं काम त्यांच्याकडे येतं आणि त्यावरच घर चालतं, हे प्रवीणने सांगितलं होतं. बाकी गाड्यांची कामं वरखर्चापुरती.

त्यांनी डिस्क पुसली, मायक्रोमीटर लावला, सहा ठिकाणी जाडी मोजली आणि कडेला कोरलेला आकडा मला दाखवला. "ह्यो वाचा. पंधरा मिलिमीटर. ह्याच्या खाली गेली का डिस्क बाद. आता सोळा हाय. येक कट बसंल. दुसरा नाय. पुन्हा खराब झाली तर माज्याकडं आनू नका."

"बसू दे एक."

त्यांनी डिस्क उजेडात धरली. एका जागी निळसर डाग होता. त्यावर अंगठा ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, ह्ये पान्यानं झालंय. गरम डिस्कवर गार पानी. घाटातनं आल्यावर गाडी धुता काय?"

"मी गाडी धूत नाही," मी म्हणालो.

हे उत्तर अचूक होतं. मी गाडी धूत नाही. बुधवारी कोरड्या फडक्याने पुसतो.

"तुमी नसाल धूत. दुसरं कोन पानी मारतं का?"

"कोंडाजी, मी पत्रकार आहे. मला विचारलेलं मी नीट ऐकतो आणि नीट उत्तर देतो."

त्यांनी डिस्क लेथवर चढवली. लेथ सुरू केला. मी वही काढून तारीख, वेळ, जाडी आणि ही प्रश्नोत्तरं नोंदवली. समोरचा माणूस आपल्याला खोटं ठरवू पाहतो आहे, अशा वेळी नोंद ठेवलेली बरी, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.

डिस्का बसल्या. गाडी तुपासारखी थांबू लागली. कमलेशनी ग्रुपवर स्वतःचं अभिनंदन केलं. दोन सोमवार झाले. त्यानंतरच्या बुधवारी नेरळच्या रेल्वे फाटकाजवळ मी ब्रेक दाबला आणि पाय थरथरला.

माणसाची प्रतिष्ठा कुठे असते, यावर मतभेद असतील. माझी त्या दिवशी उजव्या तळव्यात होती आणि ती दुखावली गेली. अकरा मतांनी निवडलेला, एसटीत अपमान सोसून करून आणलेला कट पंधरवडाही टिकला नव्हता.

"फसवलं तुम्हाला," कमलेश म्हणाले. "लेथ वाकडा असणार. एवढा मोठा पत्रकार आणि तुम्हाला गंडवतो म्हणजे? बाकीच्यांचं काय होत असेल घाटात? लिहा की!"

विनिता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आधी त्या माणसाला फोन तरी करा."

फोन करायला हवा होता. दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे मी नव्या वार्ताहरांना स्वतः शिकवलं आहे. पण कोंडाजी काय म्हणणार, ते मला ठाऊक होतं. ते पाणी म्हणणार. आणि ते मी एकदा ऐकून घेतलं होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं. म्हणजे दुसरी बाजू माझ्याकडे होतीच, असं मी स्वतःला समजावलं.

बातमी सव्वादोनशे शब्दांची होती. नाव कुणाचंच नव्हतं. "साजगाव परिसरातील एका लेथ व्यावसायिकाकडून" एवढंच. शीर्षक दिलं: 'ब्रेक दुरुस्तीत प्रवाशांच्या जिवाशी खेळ?' पनवेलच्या संपादकीय डेस्कने त्यातलं प्रश्नचिन्ह काढलं, जागेअभावी.

साजगाव परिसरात ब्रेकची डिस्क लेथवर लावणारा माणूस एकच आहे. हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. प्रवीणने मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

प्रवीणने पेपर वाचला आणि कट मारलेल्या डिस्का काढून नव्या बसवल्या. शेवटी हात पुसत म्हणाला, "कारखान्यानं कोंडाजींचं काम थांबवलं. परचेसवाल्यानं तुमची बातमी फाईलला लावलीय म्हणे."

"मी नाव घेतलेलं नाही."

"नाय ना. घ्यायचं तरी. लोकांना शोधायचा त्रास वाचला असता."

मी ते मनावर घेतलं नाही. पत्रकारितेत अशी किंमत मोजावी लागते. ती त्या वेळी दुसराच कुणी मोजत होता, हा तपशील माझ्या लक्षात आला नाही.

नव्या डिस्का चार सोमवार चालल्या. पाचव्या आठवड्यात पाय थरथरला.

प्रवीणने चाक काढलं नाही. तो म्हणाला, "सोमवारी मी येतो घाटात. तुमच्या शेजारी बसतो." आणि बसला. चढताना गप्प, उतरताना गप्प. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर म्हणाला, "साहेब, पहिला गिअर फुकट असतो." मागे हर्षला हसली. आम्ही वळलो, फाटकात थांबलो. आत्याने हर्षलाच्या पायावर तांब्या ओतला, बादली उचलली आणि पुढच्या चाकावर रिकामी केली.

चर्रर्र.

प्रवीण वाफेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा वाफेकडे.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"तीन वर्सं," आत्या अभिमानाने म्हणाली. "येक सोमवार चुकला नाय. आधी तांब्या व्हता, औंदा बादली केली. पेपरात फोटो आलावता आमचा."

तो खाली उतरला, निघाला, चार पावलं जाऊन परत आला. "लाल तव्यावर पाणी टाकल्यावर तवा वाकडा होतो, हे आमच्या आईला पण माहिती आहे. कोंडाजींनी विचारलं नव्हतं तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी गाडी धूत नाही, असं सांगितलं होतं."

हर्षला म्हणाली, "बाबा!" एवढंच म्हणाली, पण ती रिसेप्शनवर काम करते, ग्राहकाला न दुखावता बोलायचं तिचं शिक्षण झालं आहे. त्या एका शब्दात ते शिक्षण कुठेही दिसलं नाही.

मी त्याच संध्याकाळी पनवेलच्या डेस्कला फोन लावला. खुलासा छापायचा आहे म्हणालो.

"कुणाचं नाव गेलं होतं?" डेस्कने विचारलं.

"कुणाचंच नाही."

"मग खुलासा कुणाबद्दल?"

"कोंडाजींबद्दल. साजगावचे लेथवाले. त्यांचं नाव घेऊन दिलगिरी छापा."

डेस्कने फोन ठेवला. मग त्यांनी वकिलांना विचारलं आणि कळवलं: मूळ बातमीत ज्याचं नाव नाही, त्याचं नाव घेऊन माफी मागितली, तर बातमी त्याच्याबद्दलच होती हे आपण कबूल केल्यासारखं होईल. तो मग दावा लावू शकेल. तेव्हा नाव घेता येणार नाही. आणि नाव न घेता माफी मागायची, तर मागायची कुणाची? त्यापेक्षा वाचकोपयोगी काही लिहा.

मी लिहिलं. ते रविवारी आलं: 'घाट उतरल्यावर गाडीवर पाणी मारताय? थांबा!' सोबत परदेशी गाडी धुणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. कोंडाजींचा उल्लेख जागेअभावी गेला. आमच्या पेपरात जागा नेहमी नेमक्या ठिकाणी कमी पडते.

मग मी साजगावला गेलो. लेथवर गोणपाट टाकलेलं होतं. कोंडाजी बाहेर स्टुलावर बसून कुणाच्या तरी शिलाई मशीनचा पाय जुळवत होते. मी बरोबर आणलेल्या जुन्या डिस्का पुढे ठेवल्या. त्यांनीच कट मारलेल्या, नंतर खराब झालेल्या. माफी कशी मागायची, ते वाटेत नीट रचलं होतं. रचलेलं बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. उठून मायक्रोमीटर आणला आणि डिस्क सहा ठिकाणी मोजली. प्रत्येक वेळी आकडा मला वाचायला लावला. पंधरा पूर्णांक चार. सहाही वेळा पंधरा पूर्णांक चार.

"जाडी येकसारखी हाय ना? माजा कट सरळ व्हता. वाकडी मागनं झाली."

"हो."

"तुमच्या वहीत त्या दिवसाचं काय लिवलंय?"

वही खिशात होती. मी वाचलं. प्रश्न: गरम डिस्कवर पाणी? उत्तर: मी गाडी धूत नाही. प्रश्न: दुसरं कोणी? उत्तर: मी नीट ऐकतो आणि नीट उत्तर देतो.

"बरोबर लिवलंय," कोंडाजी म्हणाले. "मग ह्ये का नाय छापलं?"

मी वही मिटून खिशात ठेवली. त्यांनी खणातून दोन कात्रणं काढली. एक माझी बातमी. दुसरं माझं पुरवणीतलं साडेतीनशे शब्दांचं लेखन, फोटोसकट. आत्या, बादली, आणि मागे मी, हाताची घडी घालून.

"ह्ये मी तवाच वाचलंवतं. बायकोला आवडलं म्हनून कापून ठेवलं. तुमी आलात तवा वळखलं मी. म्हनून तर इचारलं. दोनदा इचारलं. म्हनलं, लिवनारा मानूस हाय, स्वतः लिवलंय, सांगंल." त्यांनी दोन्ही कात्रणांच्या घड्या घातल्या. "गिऱ्हाइकाला खोटा कसा म्हनायचा तोंडावर? गप बसलो."

मी दोन्ही कात्रणं मागून घेतली आणि कारखान्यात गेलो. फाटकावर नोंद, मग पास, मग पास देणारा जेवायला गेलेला. दीड तासाने परचेसचे, म्हणजे खरेदी खात्याचे साहेब भेटले. सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा दिला. मी पुरवणीचं कात्रण पुढे ठेवलं, सगळं समजावलं, माझ्या हाताने सहीनिशी लिहिलेली कबुलीही दिली.

"तुमचं म्हणणं पटतंय मला," ते म्हणाले. "पण ऑडिटला काय दाखवू? ही तुमची बातमी, पान तीन. हे हाताने लिहिलेलं. आणि ही पुरवणी. पुरवणीतलं आम्ही धरत नाही. छापून आणा ना तुम्ही, तुमचाच तर पेपर आहे."

परतताना कात्रणं कोंडाजींना दिली. परचेसवाले काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी हवामान सांगितलं. "डिस्का ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाले. एक त्यांनी दारावरच्या खिळ्याला अडकवली. रंगाने तिच्यावर लिहिलं: १५.४. गेल्या आठवड्यात प्रवीण तिकडे गेला होता, तेव्हा ती अजून तिथेच होती. लेथवर गोणपाटही.

दुसऱ्यांदा डिस्का बदलून झाल्या आहेत. पुन्हा नवीनच टाकल्या, मतदान न घेता. आता मी पहिल्या गिअरमध्ये उतरतो, टॅक्सीवाले वळून बघतात. घाट उतरलो की फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावून अर्धा तास थांबतो. डिस्क थंड झाल्याशिवाय आत्याच्या बादलीसमोर जायचं नाही. आत्याने नियम बदलायला नकार दिला आहे. पाणी पडणार, फक्त उशिरा पडेल, एवढ्यावर तडजोड झाली. हर्षला उतरून पुढे जाते, पाय धुऊन घरात शिरते. मी बसून राहतो.

परवा आत्या बादली घेऊन कडुनिंबापर्यंत आली.

"कवापासून बसलायस रं. झाली का नाय थंड?"

"होतेय."

तिने चाकाजवळ हात नेऊन बघितला. मग बादली खाली ठेवून म्हणाली, "आन् त्या साजगावच्या मानसाचा लेथ? त्यो कवा गरम व्हायचा?"

मी घड्याळ पाहिलं. अजून अठरा मिनिटं बसायचं होतं, आणि गाडीची काच खाली होती. ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती.